वासाचं टेबल

ल्युबेक, सोमवार, १६ ऑक्टोबर १९७२

प्रिय ओइवा,

मी रिळाच्या वेष्टनात सुरी घातली होती, अजून खाली ओढलीही नव्हती, तेवढ्यात विटफोटबाई दोन पावलं मागे सरल्या आणि हाताचा पंजा नाकापुढे धरून म्हणाल्या, "आला." मी सुरी ओढली. वेष्टन दोन्ही बाजूंना उलगडलं. आतला पुठ्ठा पांढराशुभ्र, कडा एकसारख्या, कुठे डाग नाही, ओल नाही. आणि वास आला. मलाही आला. आठवडाभर बादलीत राहिलेल्या ओल्या फडक्याचा. फार नव्हता. पण त्या पुठ्ठ्याचे डबे होणार, डब्यांत बदामाचं मार्झिपान बसणार, आणि ते लोक नाताळात एकमेकांना देणार. मार्झिपान शेजारच्या कुठल्याही वासाला लगेच आपलंसं करतं.

हे गुरुवारी दुपारी झालं, मिठाईच्या कारखान्याच्या मागच्या अंगणात. ज्या ट्रेलरमधून रीळ उतरवलं होतं त्याचा मागचा पडदा उघडाच होता. त्या ट्रेलरकडे बघत मी बराच वेळ उभा राहिलो. विटफोटबाई तपासणी विभागाच्या मुख्य आहेत, त्यांना उभं राहायला वेळ नसतो. त्या म्हणाल्या, "आता ह्याचा दोष कुणाला देणार? समुद्राला?" त्याचं उत्तर मला तुला द्यायचं आहे, आणि ते मला एका ओळीत सांगता येत नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

माझं काम तुला ठाऊक आहे. आपल्या गिरणीच्या पुठ्ठ्याबद्दल कुणी जर्मन गिऱ्हाईक कुरकुरलं की जायचं, कापायचं, मोजायचं, हुंगायचं आणि लिहायचं: चूक गिरणीची, जहाजाची, गोदामाची की गिऱ्हाइकाची. पंधरा वर्षं मी हे करतो आहे. ह्या चौघांपैकी प्रत्येक जण मला वेगळं सांगतो, आणि प्रत्येक जण सांगताना माझ्या डोळ्यांत बघतो. मी डोळ्यांत बघत नाही. तारखा बघतो. त्यामुळे मला इथे मित्र फारसे झाले नाहीत, पण माझा कागद दोन्ही देशांत चालतो.

पहिली तक्रार जुलैच्या शेवटी आली. इथली पद्धत गिरणीतल्या तुमच्या वासाच्या टेबलापेक्षा वेगळी आहे. तू पुठ्ठ्याचे तुकडे घालून कोमट केलेल्या बाटलीचं बूच काढून हुंगतोस आणि आकडा लिहितोस. विटफोटबाई काचेच्या बरणीत पुठ्ठ्याच्या पट्ट्या आणि किसलेलं चॉकलेट एकत्र कोंडतात, दोन दिवस कपाटात ठेवतात, मग पॅकिंगच्या पाच बायकांना बोलावून ते चॉकलेट चाखायला देतात. शून्य म्हणजे काही नाही, चार म्हणजे थुंकून टाकलं. त्या मालाला अडीच आले. एक बाई म्हणाली, "माझ्या सासूच्या तळघरासारखं लागतंय." दुसरी म्हणाली, "तुझ्या सासूनं निदान चॉकलेट तरी दिलं असतं." मी हसलो. मग खिशातून मालाबरोबर आलेला गिरणीचा कागद काढला. त्याच मालाला तिथे अर्धा आकडा होता, खाली तुझी सही.

तुझी सही बघितल्यावर मी गिरणीचं नाव मनातून काढून टाकलं. हे तुला स्पष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. ओइवाचं टेबल म्हणजे कडक टेबल, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. टेबलावर तुझ्या शेजारी बसणाऱ्या हेल्वीनं दोन दिला तर तू अडीच द्यायचास. तुझ्या हातून अडीचचा माल अर्ध्यावर सुटेल हे मला खरं वाटेना. म्हणजे राहिले तिघं.

आधी मी गिऱ्हाइकाचा संशय घेतला. त्यांच्या अंगणात त्या महिन्यात दोनदा व्हिएन्नाच्या नंबरची गाडी दिसली होती. ऑस्ट्रियाचे पुठ्ठेवाले सध्या इथे दारोदार हिंडत आहेत. जुन्या मालात खोट काढायची आणि नव्याकडे वळायचं, ही चाल मी आधीही पाहिलेली आहे. मी विटफोटबाईंना म्हटलं, मला तर काही विशेष वास येत नाही. तेव्हा मला तो येत होता, ओइवा. त्यांनी बरणीचं झाकण लावलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "तुम्हाला खरंच येत नाही, की पगार मिळतो म्हणून येत नाही?" एवढं मला इथे कुणी तोंडावर बोललं नव्हतं. मी पाचही बायकांना आलटून पालटून तक्रारीआधीचा जुना माल आणि तक्रारीचा नवा माल दिला, बरण्यांवर खुणा न करता. पाचही जणींनी नवा माल बरोबर ओळखला. म्हणजे त्या खोटं बोलत नव्हत्या.

मग जहाज. जहाजं दोन वेगवेगळी होती आणि वास दोन्हींतून आलेल्या मालाला होता. म्हणजे उरलं गोदाम. बंदरावर आपला माल अकरा नंबरच्या शेडमध्ये उतरतो, आणि शेजारच्या शेडमध्ये माशांचं कूट असतं. अकरावर हिनरिक डोजे नावाचा माणूस आहे, वीस वर्षं आहे. रिळं उचलणारी गाडी तो अशी चालवतो की वेष्टनावर ओरखडा येत नाही. ऑगस्टमध्ये मी तीन वेळा न सांगता गेलो. दोन वेळा मधलं दार उघडं होतं. मी वहीत वेळ लिहिली. डोजेनं ते पाहिलं. "काय साहेब, दाराची जन्मवेळ लिहिताय का?" मी विचारलं, दार उघडं का? "उकडतंय म्हणून. तुमच्याकडे उन्हाळा नसतो, तुम्हाला काय कळणार?" मी वाकून रिळाच्या टोकाचा वास घेतला. तो गाडीवरून उतरला, बूट काढला आणि माझ्यापुढे धरला. "हाही घ्या. म्हणजे तपास पुरा होईल." शेडमधली माणसं खो खो हसली. मला राग आला. त्या रागाचा माझ्या कागदाशी काही संबंध नाही असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

सप्टेंबरच्या आठ तारखेला मी अंतरिम अहवाल दिला: गोदामात निष्काळजीपणा, मधलं दार उघडं, वास शेजारच्या मालाचा असण्याची शक्यता. शक्यता हा शब्द मी मुद्दाम घातला होता. गोदामप्रमुखानं तो वाचला नाही. त्यानं डोजेकडून शेडची किल्ली काढून घेतली आणि त्याला घरी बसवलं. पुढच्या आठवड्यात त्याची बायको मला बेकरीच्या रांगेत भेटली. मी बाजूला झालो, तिला पुढे जाऊ दिलं. ती म्हणाली, "उभे राहा की जवळ. आम्हाला नाही वास येत." बेकरीतली मुलगी पावाच्या पिशवीची घडी घालत राहिली.

माशांच्या कुटाचा वास आणि ओल्या फडक्याचा वास, ह्यांत फरक आहे. मला तो कळत होता. पण संशय एकदा एका माणसावर बसला की मग नाकसुद्धा संशयाच्याच बाजूनं साक्ष देतं.

आता तो ट्रेलर. गिऱ्हाइकाला माल घाईनं हवा होता म्हणून गिरणीनं ह्या वेळी तो जहाजावर न चढवता ट्रेलरमध्ये भरला. गिरणीतून हेलसिंकी, हेलसिंकीहून फेरी, आणि फेरीतून उतरून सरळ कारखान्याचं अंगण. ट्रेलरची मोहोर मी स्वतः तोडली. तो माल अकरा नंबरच्या शेडच्या आसपासही गेला नव्हता. डोजे त्या दिवशी घरी बसून होता, बसून त्याला महिना झाला होता. आणि वास तोच होता. म्हणून मी त्या उघड्या पडद्याकडे बघत उभा होतो.

गुरुवारी संध्याकाळी कचेरीत परतलो तेव्हा पहिली गोष्ट केली ती म्हणजे कपाटावरचा पत्र्याचा डबा खाली काढला. तुझाच डबा. गिरणीत प्रत्येक मालाचा एक तुकडा जपून ठेवतात, ते उन्हाळ्यातले तुकडे मी तुझ्याकडे मागितले होते. तू पाठवलेस, आणि ते दोन आठवडे माझ्याकडे पडून होते. मी उघडले नव्हते, कारण मला डोजे मिळाला होता. आता झाकणाची चिकटपट्टी काढली. आत ओळीनं तुकडे, प्रत्येकावर तारीख, तुझं नेटकं अक्षर. सगळ्यांत वर चिठ्ठी: "घे, हुंग. कसला वास? — ओ." ती वाचून मी सवयीनं हसलो. हसू पुरं व्हायच्या आत डब्यातून वास वर आला. हे तुकडे गिरणीबाहेर कधी गेलेच नव्हते. जूनअखेरपर्यंतचे स्वच्छ होते. जुलैपासूनचे ओल्या फडक्याचे. उन्हाळ्यात यंत्राच्या पाण्यात बुरा धरला की येतो तोच वास, आपण दोघांनी तरुणपणी फावड्यानं खरवडलेला. आणि प्रत्येक तुकड्याच्या मागे तुझ्या हातचा आकडा: अर्धा, अर्धा, शून्य, अर्धा.

ती चिठ्ठी मी पुन्हा पुन्हा वाचली. इथल्या कुणाला ती दाखवली असती तर त्याला त्यात उर्मटपणा दिसला असता. आपल्या गावच्या माणसाला दिसत नाही. स्टेशनावर उतरलेला प्रत्येक पाहुणा नाकाला रुमाल लावून विचारतो, हा कसला वास, आणि हमाल, स्टेशनमास्तर, पाद्री, शाळेतली पोरं, सगळे एकच उत्तर देतात: "कसला वास?" गिरणी धुराड्यातून जे सोडते ते आपण जन्मापासून श्वासात घेतो. मग त्याची थट्टा झाली, आणि मग ती आपली खूण झाली. माझं नाक इथे आल्यावर तिसऱ्या वर्षी परत आलं. सुट्टीला येताना गाडी पुलावर चढली आणि माझा हात आपोआप रुमालाकडे गेला. समोरच्या बाईनं विचारलं, "तुम्हालाही त्रास होतोय का ह्या वासाचा?" मी म्हटलं, "कसला वास?" गावाला फसवल्यासारखं वाटत होतं, म्हणून तसं म्हटलं.

शुक्रवार आणि शनिवार मी तुझ्यावर संशय घेतला. हे लिहायला मला लाज वाटते, पण गाळलं तर बाकीचंही खोटं होईल. मी तुला चोर ठरवलं. व्यवस्थापकानं तुला सांगितलं असेल, माल अडवू नकोस, मागणी हातची जाईल. तू म्हातारा झालास, पेन्शनला चार वर्षं उरली, म्हणून बाटलीचं बूच न काढताच आकडे टाकत असशील. हे नको वाटलं म्हणून मग त्याहून वाईट सुचलं. ल्युबेकची ही जागा आधी तुला मिळणार होती. तुला माझ्यापेक्षा चांगलं जर्मन यायचं, युद्धात उत्तरेला जर्मनांबरोबर होतास म्हणून. सगळे धरून चालले होते की तूच जाणार. निवडीच्या दिवशी व्यवस्थापकाच्या खोलीत बारा बरण्या मांडल्या होत्या, झाकलेल्या, प्रत्येकीत वेगळा वास. तू दारापर्यंत आलास आणि म्हणालास, "मी नाही येत. सिरक्काला समुद्र सोसत नाही." आणि परत गेलास. तुझी बायको तर कोळ्याची मुलगी आहे. मी बाराच्या बारा ओळखल्या आणि जागा मला मिळाली. तू ती माझ्यावर दया करून सोडलीस असं मला वाटायचं. वर्षानुवर्षं वाटायचं, आणि त्याबद्दल मी तुझ्यावर मनातून चिडलेला होतो. शनिवारी मला वाटलं की तूही चिडलेला असशील आणि आता माझा कागद खोटा पाडतो आहेस.

शनिवारी दुपारी मी नदीकाठानं चालत होतो. तुझ्याविरुद्ध आणखी काय सापडतं ते आठवत होतो. माझ्या धंद्यात असंच करतात. ऑगस्टमध्ये मी खेकड्यांच्या मोसमात तुझ्याकडे चार दिवस होतो, ते दिवस मी एकेक करून तपासायला घेतले. तू काय बोललास, कुणाचा फोन आला, नवीन काय घेतलं होतंस. नवीन काही नव्हतं. जुनंच सगळं होतं. सिरक्का दुधाच्या प्रत्येक बाटलीवर पेन्सिलनं तारीख लिहिते. मी तिला म्हटलं होतं, तुझ्या नवऱ्याची गिरणी घरात आली वाटतं. ती हसली नव्हती. मग तो रविवार. चुलीवर माशांचं कालवण होतं आणि तू शेजारच्याच स्टुलावर वर्तमानपत्र वाचत होतास. मी ओसरीवरून आत आलो तो घरभर जळका वास. सिरक्का बागेतून ओरडत आली, "ओइवा! अरे, नाक कुठे ठेवलंस?" तू पान उलटलंस आणि म्हणालास, "कसला वास?" मी इतका हसलो की भिंतीला टेकावं लागलं. तूही हसलास. सिरक्कानं भांडं उचललं, पाण्याखाली धरलं, आणि आपल्याकडे पाठ करून बराच वेळ ते घासत राहिली.

मी पुलाच्या कठड्याशी थांबलो. त्या स्टुलापासून चूल हातभर अंतरावर आहे, ओइवा.

रविवारी सकाळी मी हेल्वीला फोन केला. ती निवृत्त होऊन बहिणीकडे राहायला गेली आहे हे तू जुलैत लिहिलं होतंस, आणि तिची जागा भरली नाही, टेबलावर आता मी एकटाच, हेही त्याच पत्रात होतं. मी ते दोनदा वाचलं होतं आणि पुढे गेलो होतो. हेल्वी चर्चहून नुकतीच आली होती. मी हवापाण्याचं बोललो. तीही बोलली. मग मी विचारलं, टेबलावर तुम्ही दोघं आकडा कसा ठरवत होता? मग ती म्हणाली, "मी हुंगायचे आणि मोठ्यानं सांगायचे. तो थोडा वाढवून लिहायचा." मी विचारलं, तो हुंगायचा नाही? "हुंगायचा तर. बूच काढून, डोळे मिटून, अगदी नीट. माझा आकडा ऐकल्यावर." किती वर्षं, मी विचारलं. "सहा. तो टेबलावर आला त्या दिवसापासून." मग ती जरा चिडलीच. "त्यानं कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. तू कोण विचारणारा? तुझ्याचमुळे ना ते सगळं? मी होते त्या दिवशी अंगणात." आणि तिनं फोन ठेवला.

तिनं सांगेपर्यंत मला ते कळलं नव्हतं. एवढा संशयी माणूस मी, आणि त्या एका दिवसावर मी तेवीस वर्षांत कधी संशय घेतला नाही. एकोणपन्नासचा मार्च. लगदा पांढरा करायच्या विभागात क्लोरीनच्या नळाचा सांधा सुटला, सगळे पळाले, मीही पळालो, पण चुकीच्या दारानं. ते दार कोठीत उघडायचं आणि कोठीला बाहेरून कुलूप होतं. तू अंगणात डोकी मोजलीस, एक कमी भरलं, आणि ओली टोपी तोंडावर धरून परत आत आलास. मास्क होते, पण ते गॅसच्याच भिंतीवर टांगलेले होते. मला खांद्यावर टाकून तू बाहेर आणलंस, दोन लिटर दूध प्यायलास आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेलास. लोक म्हणाले, ओइवा म्हणजे बैल आहे. मी तीन आठवडे दवाखान्यात होतो. तू भेटायला आलास तेव्हा शेजारच्या खाटेपाशी हायसिंथची फुलं होती. नर्स वैतागून म्हणाली, "केवढा उग्र वास हा, बाहेर ठेवा बघू ती." तू म्हणालास, "कसला वास?" मी हसलो, आणि हसताना छातीत कळ आली. मी आयुष्यभर तुझ्या ह्या एका थट्टेला हसत आलो आहे. गावात कुणालाच वास येत नाही असं सगळेच म्हणतात, म्हणून ज्याला खरोखर येत नाही तो कुणाच्या लक्षात आला नाही.

सहासष्ट साली तुझी पाठ गेली, आणि गिरणीनं मान म्हणून तुला बसून करायचं काम दिलं. वासाचं टेबल. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. बारा बरण्यांच्या दिवशीही सांगावं लागलं असतं, आणि ते मी ऐकलं असतं. म्हणून तू सिरक्काचा समुद्र पुढे केलास. हे असंच आहे ना? मी तुला विचारतो आहे असं समजू नकोस. उत्तर नको आहे.

आता मी हे का लिहितो आहे ते. मला फोन करता आला असता. पण तुमच्या चाळीतला फोन जिन्यात आहे, सगळ्यांना ऐकू जातं, आणि तू "कसला वास?" म्हणाला असतास आणि मी पुन्हा हसलो असतो. माझा अंतिम अहवाल लिहून झाला आहे. त्यात डोजेचं नाव मी पुसलं आहे, गोदाम निर्दोष, जहाज निर्दोष, गिऱ्हाईक खरं बोलत होतं, दोष गिरणीत, आणि माल टेबलावर अडायला हवा होता तो अडला नाही. ह्याखेरीज दुसरं काही लिहिलं तर त्या माणसाला किल्ली परत मिळणार नाही. तुझं नाव मी लिहिलेलं नाही, पण टेबलावर एकच खुर्ची भरलेली आहे. अहवाल टपालानं येत्या सोमवारी व्यवस्थापकाच्या हातात पडेल. हे पत्र मी टपालात टाकत नाही. आपला पुठ्ठा उतरवून उद्या आपल्याकडच्या कोत्का बंदराला परत निघणाऱ्या जहाजावरचा दुय्यम अधिकारी, मेट, ते घेऊन जाईल आणि गिरणीच्या ट्रकवाल्याला देईल. गुरुवारी संध्याकाळी ते तुझ्याकडे असेल. शुक्रवार सगळा तुझा आहे. त्या दिवशी तू स्वतः वर जाऊन सांगितलंस की एकोणपन्नास सालच्या गॅसनं माझं नाक गेलं, तर तो गिरणीतला अपघात ठरतो, आणि गिरणीला तुझी पेन्शन आजपासून द्यावी लागते. सोमवारी माझ्या कागदावरून त्यांना कळलं, तर सहा वर्षांच्या खोट्या सह्या होतात. अपघाताला साक्षीदार लागेल. मी आहे. मी तेव्हा बेशुद्ध होतो, एवढीच अडचण, पण हेल्वी अंगणात उभी होती आणि तिला सगळं आठवतं, हे तिनं मला काल ऐकवलंच. सोबत माझं सही केलेलं निवेदन जोडलं आहे. ओइवा, शुक्रवारी वर जा. सिरक्काला बरोबर घेऊन जा. माझ्याबद्दल तुला काय वाटेल ते वाटू दे, पण आधी जा.

तुझाच, तू म्हणशील तोवर,
काउको

मंगळवार, सकाळ. पाकीट अजून चिकटवलेलं नाही, म्हणून एवढंच. सात वाजता अहवाल टपालपेटीत टाकला, मग धक्क्यावर आलो. उलट क्रमानं केलं असतं तर कदाचित टाकला नसता. गोदामप्रमुखाला अहवालाची प्रत काल संध्याकाळीच दिली होती. डोजे आठ वाजता कामावर आला. मला ओलांडून सरळ गाडीवर चढला. कोत्काच्या दिशेला धुकं आहे असं मेट म्हणतो, पण जहाज साडेनऊला निघतंय. तो हात पुढे करून उभा आहे.